भामाबाईंची झडप आणि ऋषिपंचमीची भाजी

१९९५ चा भाद्रपद. नल्लकुंट्यातल्या घरात भामाबाई चहा गाळत होत्या आणि श्रीनिवासराव पेपरातली रंगीत टीव्हीची जाहिरात मोठ्यानं वाचत होते, तेवढ्यात दार वाजलं. टेलिफोनसाठी नंबर लावून चौथं वर्ष चालू होतं, त्यामुळे तातडीचं काही असलं की माणूसच यायचा. दारात दवाखान्यातला यादगिरी.

"अम्मा, कल का रिपोर्ट अच्छा नै आया. डॉक्टरसाब अब्बीच बुलाए."

लहानपणीच्या सांधेतापानं भामाबाईंच्या हृदयाची एक झडप निकामी केली होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या जागी धातूची बसवली, देशातच बनलेली. "बाजारात सगळं फॉरेनचं येतंय, आणि आमच्या हिच्या काळजात स्वदेशी माल!" असं श्रीनिवासराव येईल त्याला सांगत. बाईही ऐटीत सगळ्यांना गप्प बसवून टिकटिक ऐकवत.

शरीर मात्र परक्याला सहजी घरात घेत नाही. झडपेच्या कडेला कापडाची शिवण असते, तिच्यावर हळूहळू आपलंच अस्तर चढतं; तेवढी शिवण शरीर आपली म्हणतं. धातू परकाच राहतो आणि रक्त त्याच्यापाशी गोठायला बघतं. गुठळी झाली तर झडप अडकते, नाहीतर गुठळी सुटून मेंदूत जाते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची, आणि महिन्याला तपासणी. या महिन्यात रक्त एकाएकी घट्ट झालं होतं.

डॉक्टर अभिजीत पुण्याहून आलेले, तरुण. त्यांनी छातीला नळी लावली. टिकटिक स्वच्छ होती.

"नशीब! पण गोळ्या चुकवल्यात ना, काकू?"

भामाबाईंना ते फार लागलं. "तीन वर्षांत एक चुकवली नाही. यांना विचारा."

"चहा विसरेल, गोळी नाही," श्रीनिवासराव म्हणाले.

"मग डोस कमी पडतोय. वाढवतो." डॉक्टरांनी पेन उघडलं.

गोळी तीच, वेळ तीच. मग बदललं काय? भामाबाईंनी गेला आठवडा ताट-ताट करून आठवला, आणि ऋषिपंचमीपाशी थांबल्या. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीन वर्षं त्यांनी पालेभाजी तोंडात घातली नव्हती. यंदा मात्र राहवलं नाही; त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून अळू, माठ, अंबाडी घालून पातेलंभर भाजी केली, आणि शिळी जास्त चविष्ट लागते म्हणून तीन दिवस दोन्ही वेळा तीच खाल्ली.

"थांबा, डोस वाढवू नका. ऋषिपंचमीची भाजी तीन दिवस खाल्ली, तिच्या पाल्यानं गोळीचा जोर मारला. ती भाजी आता संपली. वाढवलात तर पुढच्या आठवड्यात रक्त पाण्यासारखं होईल."

डॉक्टरांनी पेन मिटलं. "माझी आईपण करते ही भाजी. मला सुचायला हवं होतं." मग हसून म्हणाले, "काकू, कॉलेजात शिकवता का?"

"नाही. घर चालवते."

तोवर रक्त गोठू नये म्हणून चार दिवस इंजेक्शनं ठरली. गोळी होती तेवढीच राहिली. श्रीनिवासराव अशा तोऱ्यात बसले होते, जणू निदान त्यांनीच केलं.

"पण यापुढे पालेभाजी कायमची बंद, सणालासुद्धा," डॉक्टर म्हणाले.

भामाबाई उठता उठता परत बसल्या.

"एवढंच ऐका माझं. बंद करू नका. एरवी अजिबात नसली की सणाच्या चार घासांनीही रक्त बिघडतं. मला रोज एक वाटी पालेभाजी खाऊ द्या, रोज तेवढीच, आणि गोळी तिच्यावर बेतून द्या."