व्याह्याचं नाव

सौदीतल्या रास तनुराच्या अलीकडे वाळूत कंपनीचा कॅम्प होता. पत्र्याच्या लांबलचक खोल्या, मधे नळाची टाकी, आणि पलीकडे तेलाच्या टाक्या, एकेक डोंगराएवढी. त्या टाक्यांभोवती पाइपांची परांची बांधायची, रंगारी नि वेल्डर वर चढवायचे, काम आटपलं की सगळं सोडवून खाली आणायचं, हा फकरुद्दीन होडेकरचा धंदा. बावीस वर्षं त्यानं हेच केलं. मूळचा तो रत्नागिरीच्या खाडीवरचा, तांबळी गावचा. बापाबरोबर होडीवर वाढलेला, त्यामुळे तोल आणि गाठ ही दोन्ही अंगातच होती. उंचीला तो कधी भ्यायला नाही. भ्यायचा तो इंग्रजी अक्षराला.

आणि आता सौदीत सगळं मोबाइलवर. इकामा म्हणजे राहायचा परवाना, कामाचा करार, सुट्टी, पगार मिळाल्याची कबुली, सगळं. तांबळीच्या माणसांनी यावर आपला गावठी तोडगा काढला होता. गावातला एक शहाणा धरायचा आणि सगळ्यांचे पासवर्ड त्याच्याकडे ठेवायचे. हा शहाणा म्हणजे उस्मानगनी, त्याच कंपनीतला फोरमन. काही काम निघालं की गनी आपल्या मोबाइलवर बटणं दाबायचा. ज्याचं काम, त्याच्या फोनवर आकडे यायचे. मग तो माणूस न्हाणीतून, मेसमधून, नाहीतर थेट परांचीवरून बोंब मारायचा, "गनी, लिव! चार, शून्य, सात..." अख्ख्या कॅम्पाला ऐकू जायचं.

एक मल्याळी वेल्डर एकदा म्हणाला, "तुम लोग एटीएम का पिन भी ऐसा चिल्लाता है क्या?"

"हमारे गाव में चोर नहीं है," गनी बोलला.

"हाय एक," वरून फकरुद्दीन ओरडला, "पन तो फोरमन झालाय!"

गनी स्वतःच पोट धरून हसला. ही दोघं लहानपणची. एकमेकांना आईबापावरून शिव्या देत मोठी झालेली. फकरुद्दीनला इथला व्हिसा मिळवून दिला तोही गनीनंच. पुढे फकरुद्दीनची आलिमा गनीच्या सुफियानला दिली, आणि त्या दिवसापासून शिव्या बंद झाल्या. व्याह्याला शिवी देत नाहीत. दोघं एकमेकांना 'तुमी' म्हणायला लागले, आणि सुरुवातीला ते त्यांना घट्ट चपलेसारखं चावायचं. पुढं सवय झाली. आलिमाला मुलगी झाली, दुआ. तिच्या फोटोवर दोन्ही आजोबा कॅम्पात हक्क सांगत बसायचे. नाक कुणाचं, डोळे कुणाचे.

मग कंपनी बसली.

बसली म्हणजे एका दिवसात नाही. आधी पगार उशिरा यायला लागला, मग अर्धा आला, मग आलाच नाही. मेस बंद झाली. मॅनेजर रोज "बुक्रा, बुक्रा" म्हणायचा, म्हणजे उद्या, आणि एक दिवस तोही यायचा थांबला. इकाम्यांची मुदत संपली, त्यामुळे दुसरीकडे कामाला जाणंही गुन्हा. तांबळीचे बाकीचे लोक कंपनी धड होती तेव्हाच एकेक करून घरी गेले होते. उरले हे दोघे. त्यातही गनीला एक दिवस जुबेलच्या एका कंपनीत बदली मिळाली. त्यानं बॅग भरली, फकरुद्दीनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुमचंबी करतंय. वाईच थांबा."

फकरुद्दीन थांबला. समुद्र जवळ होता म्हणून जगला म्हणायचं. गळ घेऊन जायचा, मिळेल तो मासा आणायचा, आणि खोलीतली माणसं खुब्जबरोबर, म्हणजे तिथल्या रोटीबरोबर, तो खायची.

अशात उमाकांत आला. हा लांज्याचा पोरगा, पूर्वी याच कंपनीत टाइमकीपर होता, आता दम्मामला दुसरीकडे लागला होता. जुन्या कामगारांचे दावे भरून द्यायला सुट्टीच्या दिवशी यायचा. त्यानं समजावलं.

"काका, इथल्या सौदी माणसाची नोकरी गेली तर त्याला बेकारीभत्ता आहे. आपल्याला तो नाही. पण परदेशी कामगारांसाठी विमा निघालाय. कंपनीनं महिनोन्महिने पगार बुडवला, तर त्यातून ठरावीक रक्कम मिळते आणि परतीचं तिकीट. बुडालं तेवढं नाही मिळणार. पण काहीतरी मिळेल."

"कायतरी म्हंजे होडीपुरता?"

"कसली होडी?"

फकरुद्दीन थोडा लाजला. तांबळीत एकजण आपली इंजिनाची होडी विकायला काढून बसला होता. चोपन्नाव्या वर्षी परांचीवर कोण चढवणार? तर ती होडी घ्यायची, खाडीत जाळं टाकायचं, आणि मरेपर्यंत कुणाच्या दारात जायचं नाही. एवढाच बेत. बावीस वर्षांनी माणूस घरी जातो, तर पायऱ्या चढताना हात रिकामे नसावेत, बस.

"होडीपुरते मिळतील," उमाकांत म्हणाला आणि दावा भरला.

खोलीतल्या बाकीच्यांना पैसे आले. बिहारचे दोघे, तो मल्याळी वेल्डर, सगळे एकेक करून तिकीट घेऊन गेले. वेल्डरनं जाताना आपली शेगडी फकरुद्दीनला दिली. फकरुद्दीनला आलं ते उत्तर अरबीत होतं. उमाकांतनं ते फोनवर इंग्रजी करून दोनदा वाचलं आणि मग मान वर केली.

"काका, नामंजूर. कामगारानं सगळी देणी मिळाल्याचं मान्य केलंय, म्हणतात."

"कुठल्या कामगारानं?"

"तुम्ही."

"मी? मला तर दमडी नाय मिळाली!"

"तुमच्या खात्यातून कबुली गेलीय. तुमच्या फोनवर नंबर आला, तो टाकला गेला, आणि झालं. आठवा बघू."

फकरुद्दीन आठवायला बसला आणि त्याला आठवलं, तसं त्याचं तोंड उतरत गेलं. तो मासा तळत होता. हात तेलाचे. गनीचा फोन आला होता, "व्याही, नंबर आलाय बघा. इकाम्याचा हाय, सांगा लवकर." कोपरानं फोन दाबून धरून त्यानं तो वाचून दाखवला होता. मग "मासा कुठला?" असं गनीनं विचारलंही होतं. दुसऱ्याच आठवड्यात गनी जुबेलला गेला.

त्यानं उमाकांतसमोरच फोन लावला.

"व्याही, तो नंबर कसला व्हता?"

पलीकडे पंखा घरघरत होता.

"मॅनेजर बोलला," गनी म्हणाला, "तुमच्या दोगांची कबुली दे, मंग तुला बदलीचा कागद देतंय. पैसे पंदरा दिवसांत येतील बोलला. मला वाटला येतील."

"तुला वाटला?" 'तुमी' गेलं, आपोआप. "आनि माझ्या पगाराचा तुला वाटला? मेल्या, तुझ्या बापाशीचा व्हता काय तो?"

"बाप काढू नको फकरू."

"काढतंय! तुझा बाप बरा व्हता, होडी उलटली तर दुसऱ्याला आदी वर घ्यायचा!"

"नंबर तुझ्या तोंडातनंच आला ना? मी काय चाकू लावला व्हता?" गनी ओरडला आणि लगेच आवाज खाली आणला. "ऐक. माझा नाव कुठं लिवू नको. हिकडं दुसऱ्याचा खाता वापरला तर आत टाकतात. माझा आता वय झालाय. ऐक फकरू. व्याही, ऐका."

फकरुद्दीननं फोन ठेवला. उमाकांतनं ते उत्तर फोनवर पुन्हा उघडून बघितलं. मग म्हणाला, "काका, अपील आहे. मुदत थोडी आहे, पण आहे. दम्मामला सुनावणी होते. तिथं सांगायचं, मला फसवून नंबर घेतला, आणि घेणाऱ्याचं नाव द्यायचं. मग दावा परत उघडतो."

"नाव नाय दिला तर?"

"मग कबुली तुमचीच. खलास."

हे सगळं आलिमाच्या सासरी पोचायला फार वेळ लागला नसेल, पण फकरुद्दीननं आधी आपल्या घरी फोन केला. बायको शरफुन्निसा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव लिवा."

"आलिमा त्या घरात हाय गो."

"हाय तर हाय. ती काय मातीची हाय? तुमी बावीस वर्सं पाइपावर लटकलात ते कुनासाठी? गनीच्या बदलीसाठी?" मग जरा थांबून, "मला काय, मी लिवा म्हनतंय. घरात मी बसलंय, तिकडं ती बसलीय. तिला इचारा."

आलिमानं बापाचा फोन मागच्या पडवीत जाऊन घेतला. कोंबड्यांचा आवाज येत होता.

"बावा, मला ठावं हाय. मामूंनी हिकडं फोन केलता." सासऱ्याला ती मामू म्हणायची.

"काय बोलतात घरातली?"

"सासू तीन दिस माझ्याशी बोलत नाय. सुफियान बोलतो, तुजा बापूस माज्या बापाशीला जेलात घालायला निगालाय. बाकी काय नाय. जेवाय देतात."

"मी काय करू गो?"

"मी काय सांगू बावा? तुमचा पैसा हाय. काय कराल ते मला आदी सांगा, एवडाच. दुसऱ्याच्या तोंडातनं नको."

फकरुद्दीन त्या आठवड्यात मासे मारायला गेला नाही. खोलीत आता एकटाच होता. वेल्डरच्या शेगडीवर चहा करायचा, ती विझवायचा, पुन्हा पेटवायचा.

सुनावणीच्या सकाळी उमाकांत गाडी घेऊन आला. रस्ताभर तो समजावत होता: साहेब विचारतील, घाबरू नका, सरळ सांगा, खरं तेच सांगायचंय. फकरुद्दीन "हाव, हाव" करत होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यानं, आणि दाढीला मेंदी लावली होती, लग्नाला निघाल्यासारखी.

ऑफिस गार होतं. साहेब जेमतेम तिशीचा, सभ्य. त्यानं फकरुद्दीनला आधी पाणी दिलं. बाजूला हिंदी बोलणारा दुभाषा. साहेब बोलायचा, दुभाषा सांगायचा.

"चाचा, ये कबुली आपने दी?"

फकरुद्दीननं पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला.

"नंबर किसी को बताया था? कोई धोका हुआ? नाम बता दीजिए, आपका केस फिर से खुल जाएगा. आगे पुलिस उससे पूछेगी, आपसे नहीं."

उमाकांतनं मागून हळूच म्हटलं, "काका, सांगा."

फकरुद्दीन साहेबाकडे बघत होता. तो साहेब थांबला होता, त्याला घाई नव्हती. दुभाष्यानं प्रश्न पुन्हा विचारला, या खेपेला आवाज मऊ करून.

"मैंने ही दिया," फकरुद्दीन म्हणाला. "अपने हाथ से. पढ़ना नहीं आता, दबा दिया."

साहेबानं दुभाष्याकडे पाहिलं, मग उमाकांतकडे. काहीतरी बोलला.

"साहब पूछते हैं, कोई डर है क्या?"

"नहीं. मेरी गलती है."

साहेबानं हळूहळू टाइप केलं. मग स्क्रीन वळवून दाखवली, जणू फकरुद्दीनला वाचता येणार होतं, आणि अंगठा घेतला.

परतताना उमाकांतला राहवलं नाही. "काका, तो सुखात पगार घेतोय जुबेलला! तुम्ही काय केलंत हे?"

"पोरीचा घर हाय रे."

"आणि तुमचं?"

फकरुद्दीननं खिडकीबाहेर बघितलं. रस्त्याच्या कडेला एका कंपनीची परांची उभी होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "खालचा आडवा पाइप ढिला हाय. पडेल कोनतरी." उमाकांतनं गाडी थांबवली नाही.

कॅम्पात आल्यावर त्यानं आधी आलिमाला लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. मग गनीला लावला.

"व्याही, नाव नाय दिला मी. तुमचा नाव कुठंच नाय. झोपा आता."

गनी नुसता खाकरला.

"ऐकताय ना?"

"आज सकाळी तुमाला दम्मामच्या त्या ऑफिसात कोनी बघितलान," गनी म्हणाला. आवाज पार बसलेला. "मला फोन आला. मला वाटला, संपला सगळा. मी घरी फोन केला."

"काय बोललात घरी?"

"बोललो, दिलान नाव. आता मला नेतील."

"मंग आता परत फोन करा! सांगा, नाय दिलान म्हनून!"

"करतंय." गनीनं फोन ठेवला, आणि थोड्या वेळानं त्याचा परत आला. "केला मी. आत्ताच केला. बायको बोलते, फकरूनंच तुमाला असं सांगाय लावलान, खोटा हाय. सुफियान तर फोनवर येईना. मी काय करू फकरू? माझा कोन ऐकत नाय."

"तुझा कोन ऐकत नाय? बावीस वर्सं तूच बोंबलतंस नि सगळे ऐकतात! आजच कसा नाय?"

गनी रडत होता, असं फकरुद्दीनला वाटलं. किंवा पंखा असेल. त्यानं फोन कापला आणि बायकोला लावला. फोन आलिमानंच उचलला.

"बावा."

"तू आपल्या घरी कशी? किती दिसांसाठी आलीस?"

"कपाट आनलंय बावा. लग्नातला. सुफियाननं टेम्पोत चढवून दिलान."

फकरुद्दीन पत्र्याला पाठ टेकून खाली बसला. पत्रा तापला होता, पाठ भाजत होती, पण तो हलला नाही.

"मी नाव नाय दिला गो," तो म्हणाला.

"नाय दिलात?"

"नाय."

मागं दुआ आजीकडे काहीतरी मागत होती, इंग्रजीत, आणि आजी तिला मराठीत नाही म्हणत होती.

"तुमी मला आदी सांगनार व्हतात," आलिमा म्हणाली.

"हाव."

"देयाचा व्हता बावा. असाच तर झाला असता, पन पैसा तरी आला असता."

फकरुद्दीननं विचारलं, "टेम्पोचा भाडा कोनी दिलान?"

"आपनच," आलिमा म्हणाली. "आयेनं दिलान."