साहेबांच्या आधीची भाकरी

भीमपूर नवे मंडल झाले, म्हणजे तेलंगणातला छोटा तालुकाच, आणि आदिलाबादच्या एका संस्थेला एकाएकी इथल्या बायकांच्या पोटाची काळजी वाटू लागली. गाव तामसी मंडलाच्या हद्दीत होते तेव्हाही बायकांना साखरेचा आजार होताच, पण तेव्हा कोणी फिरकले नाही. जिल्ह्याचे तुकडे झाले, नव्या पाट्या लागल्या, आणि पाटी लागली की तिच्याखाली काहीतरी भरवावे लागते. म्हणून दर गुरुवारी समाजमंदिरात साखरेच्या बायकांचा गट भरू लागला.

प्रयागबाई त्या गटात गेली ती शेजारच्या मालनबाईने ओढून नेली म्हणून. किराणा दुकानदार भगवंतरावांची बायको प्रयागबाई तोंडाने तिखट, गावात कोणाची भीड ठेवणारी नव्हे. पण नवऱ्याआधी घास घ्यायचा नाही, हे सासूने एकदा सांगितले ते सासू गेल्यावरही पाळत आली. भगवंतराव दुपारी दुकान बंद करून पारावर बसत आणि नवे मंडल जणू आपणच मंजूर करून आणले अशा थाटात बोलत. घरी यायची वेळ ठरलेली नाही. इकडे ही सकाळची गोळी आणि कपभर चहा यांच्यावर वाट पाहत राही. एकदा धुण्याच्या दगडावरच कोसळली. डॉक्टरांनी बजावले, "गोळी घेतली की लगेच जेवायचं. नाहीतर एक दिवस पडाल त्या उठणार नाही."

गटात संस्थेची एक ताई येई. ती ताटाचे चित्र दाखवी, अर्ध्या ताटात भाजी आणि कोपऱ्यात चिमूटभर भात. मग एकेकीने उभे राहून आपल्याला काय जमले ते सांगायचे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्याने म्हणे आत्मविश्वास वाढतो. मालनबाईने गूळ सोडल्याचे सांगितले तेव्हा तिच्या पदराच्या गाठीला मुंग्या लागलेल्या होत्या. तिलाही टाळ्या मिळाल्या. प्रयागबाई उठली आणि धडधडीत खोटे बोलली, "मी वेळेवर जेवून राह्यली." टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. घरात बाईच्या आधी कोण जेवतो, हे त्या ताईने कधी विचारले नाही. चित्रातल्या ताटासमोर नवरा काढलेलाच नव्हता.

तर अशी ही प्रयागबाई सर्वांत जास्त टाळ्या मिळवून गटात पहिली आली. गटाच्या समारोपाला तिचे भाषण आणि मग जेवणावळ ठरली. भगवंतराव जेवणावळीच्या कमिटीत होते, तेव्हा त्यांनी इस्त्रीचे धोतर नेसले. प्रयागबाईने सकाळी गोळी घेतली आणि तशीच मांडवात येऊन बसली. जेवण तिथेच होते ना. भाकऱ्यांची चळत, वांग्याची भाजी, वरण, सगळे तयार होते, फक्त प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले मंडलाचे साहेब यायचे होते. ते काही येईनात.

"पाहुण्यांच्या आधी बरं दिसत नाही," ताई म्हणाली. जिने वेळेवर जेवायचे धडे दिले, तीच ही बाई. भगवंतराव तर पातेल्यांपाशी असे उभे होते, जणू भाजी पळून जाणार होती.

ऊन डोक्यावर आले. प्रयागबाईच्या कपाळाला गार घाम फुटला, बोटे थरथरू लागली. दगडावर पडली त्या दिवशी असेच झाले होते. ती घाबरली, आणि भीतीपेक्षाही तिला संताप आला. साऱ्या गावाचा, ताईचा, आणि सर्वांत जास्त स्वतःचा. एवढी फटकळ म्हणवते, आणि मरेपर्यंत वाट पाहते.

ती उठली, पातेल्यांपाशी गेली आणि चळतीवरची भाकरी उचलली.

"काऊन वं? साहेब आले नाही अजून," भगवंतराव दबक्या आवाजात म्हणाले.

"मंग येऊ द्या. भाजी वाढा."

"मी बी उपाशी हाये. लोकं काय म्हणतीन?"

"काई नाई म्हणत. टाळ्या वाजवतीन. तेवढंच शिकवलं त्याईले."

टाळी एकीनेही वाजवली नाही. भगवंतरावांनी इकडेतिकडे पाहिले, आणि त्यांचा हात पळीकडे जाईना. मग प्रयागबाईने स्वतःच पळी घेतली, भाकरीवर भाजी वाढली आणि तिथेच, नवऱ्याच्या समोर, पहिला घास खाल्ला.