मशीन म्हणतं, नाक मोकळं आहे

आमची ताई कपड्यांच्या कारखान्यात वाफेची इस्त्री चालवते. दिवसभर तोंडावर गरम वाफ. सायनसचं ऑपरेशन झालं तेव्हा मला वाटलं, सुटली बिचारी. कसली सुटतेय! कामावर गेली आणि पुन्हा तेच, "नाक चोंदलंय गं, श्वास पुरत नाही."

भावोजी त्याच कारखान्यात कटिंग मास्तर. त्यांनी मालकाकडे शब्द टाकला असता, तर ताईला गुंड्या लावायच्या टेबलावर बसायला मिळालं असतं. तेवढंच तिचं मागणं. पण भावोजींचं आपलं एकच पालुपद, "आधी दवाखान्यातलं मशीन काय म्हणतं ते बघू."

म्हणून मी तिला नाकाच्या तपासणीला घेऊन गेले. एसीची गारेगार खोली. तपासणाऱ्या बाईंनी तिच्या एका नाकपुडीला चिकटपट्टी लावली, तोंडावर मास्क बसवला आणि श्वास घ्यायला सांगितलं. मग दुसरी नाकपुडी. पडद्यावर रेघा हलत राहिल्या.

"नाक अगदी मोकळं आहे," बाई म्हणाल्या.

ताईचा चेहरा पडला. कारण तिथे तिलाही मोकळंच वाटत होतं.

"इथे येतो श्वास. कामावर नाही येत. मी खोटं नाही बोलत हो."

"खोटं कोण म्हणतंय? असं पुष्कळांचं होतं. हवा आत गेली हे नाकाला गारव्यावरून कळतं. गरम वाफेत गारवा कुठला? मग हवा जात असूनही गेल्यासारखी वाटत नाही. मशीन फक्त हवा मोजतं."

ऐकून मला हायसं वाटलं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी भावोजींना सगळं घडाघडा सांगितलं. त्यांनी रिपोर्ट उलटापालटा करून पाहिला.

"म्हणजे हवा जातेय ना?"

"जातेय, पण तिला..."

"मग झालं तर!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भांडायला तोंड उघडणार, तोच ताईने माझा हात दाबला. दमली होती ती, श्वासापेक्षा सांगून सांगून.

"बरं वाटतंय आता," ती नवऱ्याला म्हणाली.

भावोजी इतके खूश झाले, की त्यांच्यावर धड रागावताही येईना. ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून कारखानाभर सांगत सुटले. माणूस वाईट नाही, ऐकून घेत नाही एवढंच.

ताई अजून इस्त्रीवरच आहे. परवा तिला पुढच्या तपासणीची आठवण केली, तर नको म्हणाली.

"का गं?"

"तिथे श्वास छान येतो," ती म्हणाली. "मग परत यायचं जिवावर येतं."