फुल बाह्यांचे शर्ट

तंजावूरला बारा महिने घाम येतो. तरी तिथं राहिलो तेवढी सगळी वर्षं मी फुल बाह्यांचेच शर्ट घातले, मनगटाचं बटण लावून. शर्ट गावाहून यायचे. आबा, म्हणजे माझे वडील, गावात शिंपीकाम करायचे. आमच्याकडचं कुणी ना कुणी दक्षिणेकडे निघालेलं असायचंच, त्याच्या हाती ते वर्षाला दोन शर्ट पाठवायचे. माप कधी मागितलं नाही. मी गावी गेलो की वेशीपासून चालत येताना बघायचे, तेवढ्यावर त्यांना माप कळायचं.

बाह्या लांब ठेवा, असं मीच पहिल्या वर्षी पत्रात लिहिलं होतं. इकडं दुकानात फुल बाह्याच चालतात, शेठजींना तसंच आवडतं, अशी थाप मारली होती. आबांना ती इतकी पटली की गावात सांगत सुटले, "आमचं पोरगं हापिसरागत फुल शर्टात असतंय. गादीवर बसून सोनं तोलतंय."

मी गादीवर नव्हतो. मी मागच्या खोलीत भट्टीपाशी होतो. आमच्या भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत, गलाईवाले म्हणतात आम्हाला. सोनारांकडचं जुनं, मिसळीचं सोनं आणायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, शुद्ध करून परत द्यायचं. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा आम्ही विकत घेतो, कारण त्यात सोन्याचा कण असतो. माझी सातवी झाली त्या वर्षी आई गेली. आमच्याच गावचे, तंजावूरला गलाईचं दुकान असलेले शेठजी सुट्टीला आले होते, म्हणाले, "पोरगं द्या माझ्याबरोबर, शिकंल." आबांनी शाळेतून नाव काढलं. मी तेरा वर्षांचा होतो.

शेठजींबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी मला पोटभर खाऊ घातलं, कधी हात उगारला नाही, पुढं लग्नही त्यांनीच जमवून दिलं. तेजाब अंगावर उडायचं ते माझ्याच घाईमुळं. हात सावकाश चालला तर हे आपल्याला परत पाठवतील, अशी भीती असायची. म्हणून मी इतरांच्या दुप्पट पळायचो आणि सांडायचो. थेंब उडाला की हात पाण्याखाली धरायचा, खोबरेल लावायचं, पुन्हा कामाला. पहिल्या दोन-तीन वर्षांतच दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत आणि छातीची एक बाजू चट्ट्यांनी भरून गेली. काही ठिकाणी कातडी चुरगळलेल्या कागदासारखी झाली. दुखायचं नाही नंतर. पण आबांनी ते बघू नये, एवढंच माझ्या मनात होतं. पोराला शाळेतून काढून लांब पाठवलं याचं त्यांना वाईट वाटायचं. पोरगं सुखात आहे या एका गोष्टीवर त्यांनी ते मन गप्प केलं होतं.

लग्न झालं, मुलगी झाली, ती सहा वर्षांची झाली तेव्हा कुठं आबा पहिल्यांदा तंजावूरला आले. दोन महिने राहणार होते. मी झोपतानाही शर्ट काढत नव्हतो. शेठजींना आधीच विनवलं होतं, त्यामुळं त्यांनी आबांना पुढच्या गादीवर बसवलं, कॉफी पाजली, तराजू दाखवला. मागं नेलंच नाही. आबा खूष होऊन घरी आले.

ते दिवस नवनवीन गोष्टींचे होते. घराघरांत केबल आली होती, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ झाले होते, पाणी बाटलीत विकत मिळू लागलं होतं. मोठ्या देवळाला येणाऱ्या गोऱ्या लोकांसाठी गावाबाहेर कावेरीच्या काठी भलं मोठं हॉटेल उघडलं होतं. एका सराफानं शेठजींना त्या हॉटेलचं कूपन भेट दिलं, एका कुटुंबाला शनिवार-रविवार राहायचं. शेठजींचे गुडघे धरलेले. त्यांनी कूपन माझ्या हातात ठेवलं. "वडील आलेत ना? घेऊन जा. राजागत ठेव त्यांना दोन दिवस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कूपनावर हिरवळ, होडी आणि निळ्या पाण्याचा तलाव होता. हे एकदा आबांना दाखवलं की त्यांच्या मनात उरलासुरला सलही राहणार नाही, असं मला वाटलं. मुलीला मी म्हणून गेलो की तुला तिथं पोहायला शिकवीन. बोलताना पुढचा विचार केला नाही. शर्ट घालूनच उतरेन, एवढंच डोक्यात होतं.

घरमालकीणबाई तंजावूरच्याच एका जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांचं मराठी जुन्या पत्रांतल्यासारखं, चाल मात्र तमिळ. त्यांनी आमच्यासाठी डबाभर चिंचेचा भात बांधून दिला आणि मला बजावलं, "वडिलांस नीट सांभाळून ने रे." मी कूपन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बनियनच्या खिशात ठेवलं आणि बसमध्ये चारदा चाचपलं.

पहिला धक्का फाटकावरच बसला. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, म्हणून पहारेकऱ्यानं डबा ठेवून घेतला. कूपन खोटं निघालं तर? पण ते चाललं. खोली मोठी होती, गार होती, इतकी की आबांनी भर मे महिन्यात कानाला मफलर गुंडाळला. मग त्यांनी खोलीतलं कापड तपासलं. पडदा उलटा केला, चादरीची कड बोटांत धरली.

"कापड उंची हाय. पर सगळी मशीनची शिवण. आतनं टोचती अंगाला."

"तुम्ही शिवला असता काय एवढा मोठा पडदा?" बायकोनं विचारलं.

"तुझ्या नवऱ्याचे शर्ट शिवतोय की. त्यो काय कमी लांबडा हाय?"

नदीची खोली असं कूपनावर छापलं होतं. बायकोनं सज्जाचं दार उघडलं. समोर नुसती वाळू. धरणातून पाणी सुटलं नव्हतं. वाळूत एक होडी उलटी घातलेली, तिच्या सावलीला कुत्रं झोपलेलं. आबा गावाहून निघताना भावकीला सांगून आले होते की कावेरीचं पाणी आणतो. सोबत पितळी तांब्याही आणला होता.

ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांना खालचा पोहायचा तलाव दिसला. निळाशार, काठोकाठ भरलेला.

"नदीत पाणी न्हाई आणि हौदात एवढं?" आबा म्हणाले. "आमच्याकडं टँकर येतोय आठ दिसांनी. हितं लोक बुडक्या मारत्यात."

चार वाजता आम्ही खाली गेलो. मुलगी तलावाच्या पायरीवर उभी राहून मला ओढू लागली. तिचं बोलणं निम्मं तमिळ, निम्मं मराठी. मला ती अप्पा म्हणायची. मी पँट दुमडली आणि शर्टासकट उतरायला लागलो, तेवढ्यात तिथल्या माणसानं अडवलं. शर्ट घालून पाण्यात उतरायचं नाही, असा नियम होता. भिंतीवर पाटीही होती, इंग्रजीतली. मला ती वाचता आली नव्हती.

"राहू दे," मी मुलीला म्हणालो. "उद्या."

"अप्पा, तुम्ही सांगितलं होतं!"

बायको पुढं झाली. "सर्दी हाय त्यांना. मी बसते तुझ्याबरोबर पायरीवर."

"सर्दी?" छत्रीखाली बसलेले आबा हसले. "ह्या उन्हात? आगं, मी त्याला पाठीला वाळका भोपळा बांधून हिरीत ढकलला हुता. दोन दिसात मासोळीगत पवाय लागला. उतर की लेका! लाजतोस काय नव्या नवरीगत? काढ त्यो शर्ट. मी शिवलाय, मी सांगतोय, काढ."

शेजारची दोन-तीन माणसं बघायला लागली. मुलगी रडू लागली. आबा अजून हसतच होते. मी तेव्हा काहीतरी सांगायला हवं होतं. पोटात दुखतंय म्हणून निघून जायला हवं होतं. किती वर्षं झाली, अजून मला नवी नवी कारणं सुचतात. तेव्हा एकही सुचलं नाही. मी पाठ करून बटणं काढली, शर्ट काठावर ठेवला आणि झटक्यात पाण्यात शिरलो. गळ्यापर्यंत पाण्यात राहिलं तर दिसणार नाही, असं वाटलं. पण तलावाचं पाणी काचेसारखं होतं, आणि मुलीला धरायचं तर हात वर काढावेच लागत होते.

मी आबांकडे बघायचं टाळत होतो. बघितलं तेव्हा ते छत्रीखाली नव्हते. काठाशी उकिडवे बसले होते. त्यांची नजर माझ्या खांद्यापासून सुरू होऊन मनगटापर्यंत येत होती, मग दुसरा खांदा, दुसरं मनगट. बाहीचं माप घेतात तशी.

"पोरी, बास झालं," ते म्हणाले. "चल वर."

त्यांनी हॉटेलचा जाड टॉवेल आणला. मुलीला वाटलं आपल्याला पुसायला. त्यांनी तो माझ्या हातांवर टाकला आणि दोन्ही बाजूंनी घट्ट गुंडाळला. मी आईच्या माघारी तापानं फणफणलो होतो तेव्हा असंच गुंडाळायचे.

रात्रीच्या जेवणाला मोठी मांडणी होती. आपल्या हातानं हवं ते वाढून घ्यायचं. आबांनी थोडा दहीभात घेतला आणि तो कालवत बसले. बायको मुलीला घेऊन आइस्क्रीमकडे गेली तेव्हा त्यांनी विचारलं,

"कधीपासनं?"

"जुनं हाय, आबा. सुरवातीचं. आता काय होत न्हाई."

"सुरवातीला म्हंजे तेरा वर्साचा हुतास."

मी मान हलवली. शेठजी चांगले आहेत, चूक माझी होती, मी घाई करायचो, असं काय काय बोलत राहिलो.

"न्हाई रं. चांगलीच हायेत ती," ते म्हणाले. "मी कुठं कुणाला काय म्हणतोय?"

दहीभात तसाच राहिला. मला त्याही वेळी एक चिंता होती, पानात टाकलं म्हणून हॉटेलवाले काही बोलतील का.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. हॉटेलात चहा कुठं मिळतो ते ठाऊक नव्हतं, बसून बसून जीव घाबरा झाला. मग हात आपोआप चालू लागले. कोपऱ्यात केरसुणी नव्हती, म्हणून पेपरची घडी घेतली आणि उकिडवा बसून जमीन झाडू लागलो. आमच्या धंद्यात केर फेकत नाहीत. भट्टीच्या खोलीतला कणन् कण गोळा करून पुडी बांधायची आणि ठेवायची, नंतर तो केर जाळून त्यातलं सोनं काढतात. मी पलंगाखालची धूळ, मुलीचा केस, बिस्किटाचा चुरा असं सगळं गोळा केलं, कागदावर घेतलं, चारी बाजूंनी दुमडून पुडी बांधली आणि टेबलावर ठेवली. ठेवल्यावर मला कळलं मी काय केलं ते. हसूच आलं. वळलो तर आबा पलंगावर उठून बसले होते.

"हितं बी झाडतोस व्हय रं?"

"सवय, आबा."

"गादीवर बसणाऱ्याला असली सवय लागत न्हाई."

ते रागानं बोलले नव्हते. त्यांनी ती पुडी उचलली, उघडून बघितली, पुन्हा तशीच बांधली आणि जागेवर ठेवली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. शिव्या देतील, रडतील, काहीही. त्यांनी पिशवीतून तांब्या काढला, रिकामाच पुसला आणि परत ठेवला.

दुपारपर्यंत राहायचं होतं, पण आम्ही नाश्ता करून निघालो. फाटकावर डबा परत मिळाला. भात आंबला होता. घरमालकीणबाईंना वाईट वाटू नये म्हणून आम्ही तो वाटेत गाईला घातला आणि चांगला झाला होता असं सांगितलं.

दोन महिने राहणारे आबा हॉटेलातून परतल्यावर आठव्या दिवशीच गावी निघाले. शेठजींचा पुतण्या जाणार होता, त्याच्या सोबतीनं. स्टेशनावर त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मला म्हणाले, "हिचं नाव काढू नगंस शाळेतनं." गाडी हलली तरी ते खिडकीशी आले नाहीत.

गावात ते माझ्याबद्दल बोलायचे बंद झाले, असं पुढं कुणीतरी सांगितलं. कुणी विचारलं तर, बरा आहे, एवढंच म्हणायचे. फुल शर्टाचा विषय निघाला तर उठून आत जायचे.

पावसाळ्यानंतर गावाकडचा एक माणूस पार्सल घेऊन आला. दरवर्षी दोन शर्ट असायचे, या वेळी एकच होता. पांढरा, फुल बाह्यांचा. सोबत चिठ्ठी नव्हती. मी हात घातला तर आत काहीतरी मऊ लागलं. बाही उलटी करून बघितली. खांद्यापासून मनगटापर्यंत दोन्ही बाह्यांना अस्तर होतं, त्यांच्या जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या धोतराचं. छातीच्या डाव्या बाजूलाही एक तुकडा लावला होता, बरोबर जिथं हवा तिथं. आणि सगळी शिवण हातानं घातलेली. एकही टाका मशीनचा नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांच्या मशीनवर कुणाचं तरी अर्धवट पोलकं तसंच होतं.

तो शर्ट उकाड्यात घालवत नाही. अस्तरामुळं दहा मिनिटांत अंगाची आग होते. तरी आबांच्या तिथीला मी तो घालतो, मनगटाचं बटण लावतो आणि दिवसभर काढत नाही. कुठंही टोचत नाही.