पलीकडून दिसलेलं घर

आज बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या डिझेलचा वास आला आणि गाईड म्हणून केलेली माझी पहिली फेरी आठवली. पुण्याच्या एक निवृत्त शिक्षिका एकट्याच आल्या होत्या. खाडी ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यातला बाणकोटचा किल्ला दाखवायचा आणि संध्याकाळी परत, एवढं ठरलं होतं.

माहिती मी बोटीतच सांगून संपवली. किल्ल्यापाशी पोचल्यावर त्यांनी विचारलं, "आत कुठून जायचं?"

मी तटाकडे वर पाहिलं. आम्ही कोळी. किल्ला म्हणजे आमची जाळ्याची खूण. होडीतून पाहताना बुरूज ठरलेल्या माडामागे आला की जाळं टाकायचं. जन्मभर पाण्यातून पाहिलेल्या त्या किल्ल्यावर मी कधी पाय ठेवला नव्हता.

"बाई, मी पन आज पयल्यांदाच आलोय," मी सांगून टाकलं. म्हटलं, गेला धंदा.

त्या हसल्या. "मग दोघं मिळून शोधू."

वाट सापडली. तटावर चढलो तर खाडीपार आमचं घर, आणि अंगणात एक हिरवा ठिपका. आईचं वाळत घातलेलं लुगडं. आमचं घर इतक्या छान जागी आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

पहिल्यांदाच आलोय हे सांगताना तेव्हा लाज वाटली होती. आता पाहुण्यांना मी आधी तटावरच नेतो आणि खाडीपारचं आमचं घर दाखवतो. किल्ला नंतर.