दोन्ही डोळे उघडे ठेवणाऱ्या पेशीबाई

सूक्ष्मदर्शकात बघताना माणूस आपसूक एक डोळा मिटतो. आमच्या विज्ञानाच्या बाई, म्हणजे पोरांच्या पेशीबाई, मिटत नसत. उजवा डोळा नळीला आणि डावा सताड उघडा. त्या डाव्या डोळ्याला अख्खा वर्ग दिसायचा. मागच्या बाकावर कुणी तोंडात चिंचोका टाकला, की मान न उचलता बाईंचा आवाज यायचा, "थुंकून ये." आमच्यापैकी कुणी डोळा मिटला की डोक्यात टपली बसायची. "मिटलेला डोळा लवकर थकतो. दोन्ही उघडे ठेव, सवय होते." आज मी बीडला एका प्रयोगशाळेत दिवसभर रुग्णांच्या पेशी तपासते आणि माझे डोळे दुखत नाहीत. याचं श्रेय मी दुसऱ्या कुणालाही देणार नाही.

दिंद्रुडजवळचं आमचं गाव. शाळेत विज्ञानाला बाई येणार म्हटल्यावर निम्म्या गावानं नाक मुरडलं आणि बाई बौद्ध आहेत हे कळल्यावर उरलेल्या निम्म्यानं. त्यांचे वडील परळीच्या रेल्वे स्टेशनात कोळसा उतरवायचे. लेकीला त्यांनी बी. एस्सी. केलं होतं आणि बाई ही गोष्ट पहिल्याच दिवशी, कुणी विचारायच्या आत सांगून मोकळ्या झाल्या. गावातल्या बौद्धवस्तीत त्यांनी खोली घेतली. काळा जाड चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि झपाझप चाल. त्या बोळातून निघाल्या की पोरं पुस्तकं शोधायला पळायची.

शाळेला सूक्ष्मदर्शक होता. गावच्या दूध सोसायटीनं तो दिला होता आणि 'सप्रेम भेट' ही अक्षरं पेटीवर एवढी मोठी रंगवली होती, की आतली वस्तू लहान वाटावी. हेडसर ती पेटी कपाटात कुलूपबंद ठेवत. वर्षातून एकदा, दसऱ्याला, पेटी बाहेर निघायची. नांगर, कोयते, सोसायटीचा वजनकाटा यांच्यासारखीच त्या यंत्राचीही पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, की परत कुलूप. बाईंनी पहिल्यांदा डोळा लावला तर आत सगळं लालभडक. हेडसर घाबरले. बाईंनी भिंगावरून बोट फिरवलं आणि त्यांना दाखवलं. "सर, तुम्ही याच्या डोळ्यातच कुंकू घातलंय की!" मग दवाखान्यातून स्पिरिटचा बोळा आणून दुपारभर त्या भिंग पुसत बसल्या.

पुढच्या दसऱ्याला हेडसर माळ घेऊन आले तेव्हा टेबलावर कांद्याचा पापुद्रा लावलेलं यंत्र तयार होतं. "माळ राहू द्या. आधी बघा. हीच याची पूजा." त्या दिवसापासून आमच्या शाळेत दसऱ्याला सगळ्यांनी बघायची रीत पडली. सोसायटीचे चेअरमन पहिले. त्यांनी बराच वेळ डोळा लावला आणि आनंदानं ओरडले, "दिसली! पेशी दिसली! गोल हाय, काळी किनार हाय!"

"चेअरमनसाहेब, तो हवेचा बुडबुडा आहे."

"बुडबुडा तर बुडबुडा," चेअरमन मागे सरत म्हणाले, "पर सोसायटीचा हाय."

बाई सगळ्यांबरोबर खळखळून हसल्या.

पेशीचे भाग त्यांनी आम्हाला या सोसायटीवरच शिकवले. पेशीपटल म्हणजे दारात दुधातलं पाणी मोजत बसलेला लॅक्टोमीटरवाला, कुणाला आत घ्यायचं, कुणाला माघारी धाडायचं ते तो ठरवणार. रिक्तिका म्हणजे साठवणाची टाकी. तंतुकणिका म्हणजे आपलं परळीचं थर्मल वीजकेंद्र, शक्ती तिथून यायची. "मग केंद्रक म्हणजे चेअरमन," एकजण म्हणाला. "न्हाई बे," बाई रागावल्या की गावचं बोलायच्या, "केंद्रक म्हणजे पोटनियम. चेअरमन बदलतात."

पेशीचा शोध लागला ती गोष्ट त्या फार रंगवून सांगायच्या. दूरदेशीच्या एका माणसानं बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला आणि त्याला ओळीनं खोल्या दिसल्या, सगळ्या रिकाम्या. "खोल्या खऱ्या, पण आतलं जितं माणूस केव्हाच निघून गेलतं. दिवाळीनंतर आपलं गाव दिसतं ना, तसं." आम्हाला लगेच समजलं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्यांवर जायचं आणि दारांना कड्या लागायच्या.

मी नववीत होते त्या वर्षी पाऊस झालाच नाही. सोसायटीचं दूध आटलं, जनावरं छावणीत गेली. आम्ही मेंढरंवाले. मेंढरं बापानं मिळेल तिथं विकली आणि आमचंही टोळीबरोबर कारखान्यावर जायचं ठरलं. मी जाऊन धाकट्या भावाला सांभाळायचं होतं. आदल्या वर्षी गेलेल्या पोरींपैकी एकही परत वर्गात बसली नव्हती, हे मला माहीत होतं आणि बाईंनाही.

बाई घरी आल्या. बापानं आईकडे बघितलं, कारण आमच्यात शेवटचा शब्द आईचा.

"कांता हुशार आहे. तिला नेऊ नका."

"आन् इथं कुनाकडं ठिवायची?"

"माझ्याकडं राहील."

"तुमच्याकडं?" आई एवढंच म्हणाली आणि चुलीकडे वळली. त्या वस्तीत आमच्या घरचं कुणी कधी पाणी प्यालं नव्हतं. बाईंना ते न सांगता कळलं. पण बाईंनी वाद घातला नाही. उंबऱ्यातून म्हणाल्या, "उद्या शाळेत या. येताना घरातला एक लाल कांदा आणा."

का कुणास ठाऊक, आई गेली. शाळेचा रांजण कोरडा होता, म्हणून बाईंनी घरून लोटीभर पाणी आणलं होतं. आईच्याच कांद्याचा जांभळा पापुद्रा त्यांनी काचेवर ठेवला, थेंबभर पाणी घातलं आणि आईला बसवलं. "डोळा मिटायचा नाही."

"घरं दिसत्यात," आई म्हणाली. "भरल्याली. जांभळी."

बाईंनी काचेच्या कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. आई बघत राहिली. "आक्रसली! समदं आंग भिंतीपासून सुटलं. मेली का हो?"

"अजून नाही. आतलं पाणी बाहेर गेलं म्हणून आक्रसली." बाईंनी टीपकागदानं खारं पाणी शोषून घेतलं आणि लोटीतला थेंब सोडला. नळीला चिकटलेली आई हळू आवाजात म्हणाली, "उठली. परत भिंतीला टेकली." आणि जराशानं, "आन् पानी द्यायला उशीर झाला तर?"

"मग नाही उठत. कितीही ओतलं तरी."

आई बाजूला झाली. माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, टेबलावरच्या लोटीकडे बघितलं. मग पदर सावरून ती म्हणाली, "बाई, घोटभर पानी द्या."

ती बाईंच्या लोटीतलं पाणी प्याली. सगळ्या वर्गासमोर. आईइतकी उंच बाई मी त्या दिवसापर्यंत पाहिली नव्हती. कारखान्याला निघताना तिनं ज्वारीचं एक गाठोडं बाईंच्या दारात आणून ठेवलं, "हिच्या वाटणीची." तो हंगामभर मी बाईंच्या खोलीत राहिले, त्यांच्या ताटात जेवले आणि त्यांच्या कंदिलाशी अभ्यास केला. नंतरच्या सगळ्या हंगामांतही.

गेल्या वर्षी बाई परळीला वारल्या. शाळेत सभा ठेवली होती. नवे हेडसर फोटोसाठी मोठा हार घेऊन आले. मी कपाटातून जुना सूक्ष्मदर्शक काढला आणि त्यांना म्हटलं, "हार राहू द्या सर, आधी बघू." घरून आणलेल्या कांद्याचा पापुद्रा लावला, मिठाचं पाणी सोडलं, मग साधं. आईला हाताला धरून आणलं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, कंबर वाकलेली. पण नळीला डोळा लावल्यावर तिनं दुसरा मिटला नाही.

बराच वेळ ती तशीच वाकून होती. मग माझ्या खांद्याचा आधार घेत सरळ झाली, तो हात तसाच माझ्यावर ठेवला आणि फोटोकडे बघून सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, उठली बगा."