सहा बोटांचा चर

बायको गेली त्याला सव्वा वर्ष झालं. ती होती तोवर आम्ही दोघांनी मिळून जन्मभर चर मारले. टेलिफोनच्या तारांचे, नळांचे, चामराजपेटपासून यशवंतपूरपर्यंत. मी पहारीनं माती सैल करायची, तिनं फावड्यानं ओढून काढायची. आता मी एकटा, आणि चर माझ्याच घरचा.

झालं असं. घराशेजारच्या बोळातून मोरीतल्या नळाकडे जाणारा लोखंडी पाइप गंजला. नळाला तांबडं पाणी यायला लागलं. प्लंबरला बोलावलं. त्यानं बोळात येऊन पहिलं बोट दाखवलं ते पपनसाच्या झाडाकडे. बायकोनं बी टाकून वाढवलेलं झाड.

"अज्जा, हे काढावं लागणार. मुळं आडवी येतात. दीड फूट रुंद चर पाहिजे."

"पाइप केवढा?"

"एक इंची."

"मग दीड फुटात त्याला गादी घालून झोपवणार काय? झाडाला हात लावायचा नाही. चर मी मारतो, तू पाइप जोड."

"या वयात?"

"तुला वय विचारलं का मी? आठ दिवसांनी ये."

बाजारातली फावडी पाहिली. सगळी रुंद. रुंद फावड्यानं अरुंद चर होतच नाही. पातं मावावं म्हणून माणूस कडा तासत जातो आणि बघता बघता नाला होतो. एक फावडं इतकं पातळ की दुकानदाराला म्हटलं, "अण्णा, हे मातीला की उप्पिट्टाला?" तो हसला आणि आतून जाड पात्याचं काढून दिलं. ते लोहाराकडे नेऊन दोन्ही बाजूंनी कापून घेतलं. सहा बोटं रुंदी ठेवली आणि मान स्वल्प आत वाकवून घेतली. मान उघडी असली की ओढलेली माती अर्ध्या वाटेतून परत खाली पडते. पहार जुनीच, टोकाला छिन्नीसारखी चपटी. अणकुचीदार पहार नुसती भोकं पाडते, चपटी असली की कडा सरळ कापते. टिकाव घेतलाच नाही. बोळात टिकाव उगारला तर शेजारच्याच्या भिंतीचं प्लास्टर निघतं.

आदल्या संध्याकाळी दोरी लावून जमीन भिजवली. आमची तांबडी माती कोरडी असली की पहारीला जुमानत नाही. सकाळी दोरीच्या दोन्ही अंगांना पाय ठेवून उभा राहिलो. मागं सरकत पाच-सहा घाव घातले आणि उजवा पाय उचलून भिंतीला टेकवून थांबलो. ती समोरून फावडं घालायची तेव्हा मी असाच पाय बाजूला घ्यायचो. किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे.

सून खिडकीत बसून इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसचं काम करत होती. "मामा, पाय का धरलाय वर? लागलं काय?"

"नाही. माती काढायची वाट बघतोय."

"कोणी काढायची?"

मी पाय खाली टेकवला. तिनं कानावरचा हेडफोन काढून ठेवला आणि खाली आली. बेळगावची पोरगी, फावडं कधी हातात धरलेलं नाही.

"केर काढतेस काय? पातं आधी बुडव, मग ओढ. आणि माती झाडाच्या बुंध्याशी टाकू नकोस."

"सासूबाईंवर पण असेच ओरडायचा?"

"तीच माझ्यावर ओरडायची."

मग रोज सकाळी ऑफिस सुरू व्हायच्या आधी ती तासभर यायला लागली. मी पाय उचलायचा, तिनं ओढायचं. दोन दिवसांत हात बसला.

चौथ्या दिवशी पहारीचा आवाज बदलला. दगडाचा नव्हे, दबका. खाली बघतो तर पपनसाचं मूळ, मनगटाएवढं जाड, चरात आडवं. पहारीनं साल निघून आतलं पांढरं दिसत होतं. चूक माझी. झाडाजवळ आल्यावर पहार ठेवून द्यायला पाहिजे होती. पहार बाजूला टाकली.

"मामा, कोयता आणू?"

"कोयत्याचं नाव काढू नकोस. खुरपं आण."

पालथा पडून मुळाखालची माती आधी खुरप्यानं, मग नुसत्या बोटांनी उकरली. कोपरं सोलली. सून त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकून पलीकडून उकरत होती. अर्ध्या दिवसानं माझा हात मुळाखालून पलीकडे निघाला, तर तिनं तो धरून हलवला आणि म्हणाली, "नमस्कार, कसं काय?" मी मातीत तोंड घालून हसलो. सव्वा वर्षात तेवढं हसलो नव्हतो.

प्लंबर आला. पाइप मुळाखालून सरकवताना म्हणाला, "अज्जा, मूळ दुखावलंय. झाड राहतंय का बघा."

"सरी, बरं, बघतो. तू जोड."

चर बुजवताना मुळाभोवती खडे निवडून बारीक माती घातली, पायानं हळू दाबली. पाणी स्वच्छ यायला लागलं, पण माझं लक्ष झाडावर. आठवड्यात बरीच पानं पिवळी पडली. मी रोज सकाळी बोळात जाऊन मान वर करून उभा राहायचो. सून विचारायची नाही, कॉफी तिथेच आणून द्यायची.

काल शेंड्याला पोपटी पालवी दिसली. सुनेला हाक मारली. ती ऑफिसच्या फोनवर होती, हातानंच थांबा म्हणाली. मी थांबलो. पालवी कुठे पळून जाणार होती?